दहा आठवड्यांचे बाळ आणि फोडलेले न्हाणीघर

सांगलीहून लेकीला घेऊन मी १६ मार्च २०२४ रोजी दुपारी पुण्याला घरी परतले, तेव्हा घरात न्हाणीघर नव्हते. त्याच्या जागी चार भिंतींमधली उघडी स्लॅब होती, तिच्यावर गंजलेल्या पाइपांचे तुकडे पडले होते आणि स्वयंपाकघरातला चाळीस वर्षांचा कडप्प्याचा ओटा दोन तुकडे होऊन पॅसेजच्या भिंतीला टेकवून ठेवलेला होता. लेक त्या दिवशी दहा आठवडे आणि दोन दिवसांची होती. सासूबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या डोळ्यांना पाणी लावले आणि मला हळूच म्हणाल्या, "आतली खोली मी स्वच्छ पुसून ठेवली आहे. बाकीच्या घराकडे आज बघू नकोस."

त्यानंतरचे तीन महिने त्या एका खोलीच्या आधाराने काढले. ज्यांच्या घरी बाळ लहान आहे आणि घराचे कामही टाळता येण्यासारखे नाही, अशा कुणाला उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचे घर सहकारनगरमध्ये आहे. सासऱ्यांनी ते १९८४ साली घेतले. इमारत तीन मजली, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, दोन लहान खोल्या, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे न्हाणीघर वेगळे व संडास वेगळा. ऑक्टोबर २०२३ मध्ये, मला सातवा महिना चालू असताना, खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला बोलावून त्यांच्या झोपायच्या खोलीचे छत दाखवले. आमच्या न्हाणीघराच्या बरोबर खाली परातीएवढा ओलसर डाग पडला होता आणि त्याच्या कडेने प्लास्टर फुगले होते. काका निवृत्त ड्राफ्ट्समन आहेत. त्यांनी स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारली होती आणि शेजारी बारीक अक्षरात तारीख लिहिली होती. आठ दिवसांनी डाग रेघेच्या बाहेर गेला, तेव्हा त्यांनी दुसरी रेघ मारली. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, न्हाणीघर, सिंक यांतून होणारी घराअंतर्गत गळती दुरुस्त करणे ही त्या सभासदाची जबाबदारी असते, त्यामुळे वाद घालण्यासारखे काही नव्हतेही. न्हाणीघर फोडावेच लागणार होते.

इथपर्यंत आमचे काही चुकले नव्हते. पुढे मात्र "फोडतोच आहोत तर" हे शब्द आमच्या बोलण्यात शिरले. न्हाणीघर फोडतोच आहोत तर संडासही करून घेऊ, पाइप बदलतोच आहोत तर ओटाही नवा करू, भिंती फोडतोच आहोत तर वायरिंगही बदलू. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर शहाणपणाची होती. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून इतके गंजले होते की अर्ध्या इंचाच्या नळीतून काडी जाईल एवढीच वाट उरली होती. विजेच्या फळीवर अजून जुन्या पद्धतीचे, तार घालायचे किटकॅट फ्यूज होते आणि निम्म्या सॉकेटांना अर्थिंग नव्हते. पण सगळे मिळून पंचेचाळीस दिवसांचे काम झाले, आणि मी बाळंतपणासाठी माहेरी असताना, जानेवारी-फेब्रुवारीत, ते पूर्ण होईल असे आम्ही धरून चाललो. ठेकेदाराने चाळीस टक्के आगाऊ रक्कम घेतली, दहा दिवसांत सगळे फोडून ठेवले आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माणसे दुसऱ्या कामावर हलवली. माझे पती चाकणला कारखान्यात पाळीत काम करतात. त्यांनी फोन करायचा, तिकडून "उद्या माणसे पाठवतो" असे उत्तर यायचे, आणि सासूबाई शेजारच्या विंगेतून बादल्या भरून आणायच्या.

मी तीन महिने माहेरी राहू शकले असते, तर यातले बरेच टळले असते. परंतु माझ्या वहिनीचेही दिवस भरत आले होते आणि सांगलीच्या घरातली बाळंतिणीची खोली एकच. दहाव्या आठवड्याची लस तिथे टोचून घेतली आणि दोन दिवसांनी निघालो.

पहिल्या रात्री आम्ही तिघे आतल्या खोलीत जमिनीवर बसून वहीवर मांडणी करत होतो. मी हिशेबाच्या विभागात काम करते, म्हणून वहीशिवाय मला सुचत नाही. त्याच वहीत पुढे डाव्या पानावर बाळाचे दूध, झोप आणि शी-शू आणि उजव्या पानावर सिमेंटच्या गोण्या, मजुरी आणि राडारोड्याच्या टेम्पोचे पैसे, असे तीन महिने लिहिले गेले. त्या रात्री आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. जुन्या ठेकेदाराचा हिशेब करून त्याला मोकळे करायचे आणि दिलेल्या आगाऊ रकमेतले जे बुडेल ते बुडू द्यायचे. सगळे काम एकदम न चालवता एका वेळी एकच जागा घ्यायची. आणि आतल्या खोलीला शेवटपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी पाळल्या. तिसरी मी स्वतः मोडली, त्याबद्दल पुढे लिहिते.

नवा मिस्त्री अक्कलकोटकडचा होता. तो आला, पायातल्या चपला काढून आतल्या खोलीच्या दारातून बाळाकडे पाहिले आणि कामाचे काही बोलण्याआधी विचारले, "ताई, ही झोपते कधी?" मी वही दाखवली. दहा आठवड्यांचे बाळ दिवसा चाळीस-पन्नास मिनिटांच्या तुकड्यांत झोपते, हे वहीच्या डाव्या पानावर स्पष्ट दिसत होते. फक्त सकाळच्या अंघोळीनंतरची झोप लांब, जवळजवळ दोन तासांची असे. ठेकेदाराच्या घड्याळाप्रमाणे बाळाला वागवण्याचा प्रयत्न मी सोडून दिला, तो या वहीमुळे. तोडफोड, ब्रेकर आणि कटर फक्त दहा ते बारा या वेळेत चालतील आणि त्या वेळेत मी बाळाला घेऊन घराबाहेर असेन. बारानंतर माल कालवणे, विटा बसवणे, प्लास्टर, अशी कमी आवाजाची कामे होतील, असे ठरले. शेजारच्या विंगेत तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्यांनी रोज दहा वाजता दार उघडे ठेवायला सुरुवात केली. अंघोळ झाली की लेक माझ्या खांद्यावर पेंगत तिकडे जाई आणि तिथल्या दिवाणावर बारापर्यंत झोपे. दोन उशांच्या मधल्या त्या जागेचे ऋण मला कधी फेडता येईल असे वाटत नाही.

आवाजापासून असे दूर जाता येते, धुळीपासून येत नाही. काँक्रीट आणि फरशी कापताना जी बारीक पूड उडते, तिच्यातले जाड कण लगेच खाली बसतात, पण अगदी बारीक कण कित्येक तास हवेत तरंगत राहतात आणि तेच फुप्फुसात खोल जातात. सांगलीच्या डॉक्टरांनी निघताना एक गोष्ट सांगितली होती, ती मनात घर करून बसली होती: मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो, तर तान्ह्या बाळाचे श्वास तीस ते साठच्या दरम्यान असतात. वजनाच्या मानाने पाहिले तर तेच घर, तीच हवा, पण बाळाच्या वाट्याला तिच्यातले बरेच जास्त येते.

म्हणून खोली कशी राखली, ते नीट सांगते. आतल्या खोलीला गॅलरी आहे आणि ती न्हाणीघरापासून घराच्या विरुद्ध टोकाला आहे. पॅसेजमध्ये छतापासून जमिनीपर्यंत जाड प्लास्टिकचे दोन पडदे, एकमेकांवर हातभर येतील असे लावले. खोलीच्या दाराच्या फटीला ओला टॉवेल. मिस्त्रीने न्हाणीघराच्या खिडकीत एक जुना एक्झॉस्ट पंखा बाहेर हवा फेकेल असा बसवला; गॅलरीचे दार उघडे ठेवले की हवा आमच्या खोलीकडून धुळीकडे जायची आणि तिथून बाहेर. हा उपाय साधा होता, पण सगळ्यात उपयोगाचा ठरला. घरातून केरसुणी पूर्ण बंद केली, कारण झाडल्याने बसलेली धूळ पुन्हा उठते. दिवसातून तीनदा ओल्या फडक्याने पुसणे एवढेच. फरशी खाली आवारात, कटरवर पाण्याची धार सोडून कापायची, घरात कोरडी कापायची नाही. दोन जिने चढउतार वाढल्याने फरशीवाल्यांनी मजुरी थोडी जास्त मागितली; ती दिली आणि ते पैसे मला कधीही जास्त वाटले नाहीत. याच सुमारास सासूबाईंनी बाळाच्या अंघोळीनंतरची धुरी बंद केली. ओवा-बाळंतशोपा घालून धुरी देणे ही त्यांच्या हातची तीन पिढ्यांची रीत. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, "एवढी धूळ अडवायला धडपडतो आहोत, आणि धूर आपणच करायचा का?"

मजुरांमध्ये एक बिगारी बाई होत्या. दुसऱ्या दिवशी त्या त्यांच्या अकरा महिन्यांच्या मुलाला घेऊन आल्या आणि त्यांनी जिन्याच्या कठड्याला साडीची झोळी बांधून त्याला त्यात निजवले. घमेली त्याच्या अंगावरूनच खाली जात होती. मी पडदा सरकवून बाहेर आले आणि ती झोळी पाहून तिथेच उभी राहिले. माझ्या मुलीसाठी मी प्लास्टिकचे दोन पडदे लावले होते आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूला, त्याच धुळीत, दुसरे मूल झोपले होते. सासूबाईंनी ती झोळी सोडली आणि आतल्या खोलीत पाळण्याच्या कडीशेजारी खिडकीच्या गजाला बांधली. मुलाची आई आधी तयार होईना. मग दर दोन तासांनी हातपाय धुऊन आत येऊन त्याला पाजून जाऊ लागली. काम चालू होते तोवर, एकूण एकोणीस दिवस, ती दोन्ही मुले आमच्या खोलीत होती. सकाळच्या दोन तासांत तो मुलगाही आमच्याबरोबर त्या शिक्षिकाबाईंच्या दिवाणावर यायचा. तो रांगता होता, त्यामुळे शिक्षिकाबाईंना घरातल्या खालच्या फळीवरची पुस्तके वर हलवावी लागली.

न्हाणीघराच्या कामात घाई करू नये, हे मी आता कुणालाही आग्रहाने सांगेन. फरशी काढल्यावर खालचा जुना कोबा स्लॅबपर्यंत खरवडून काढला, तेव्हा गळतीचे कारण उघड झाले: नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या जमिनीतल्या तोंडाच्या, भोवती केसाएवढी फट पडली होती आणि कोब्याचा उतार ट्रॅपकडे नसून भिंतीकडे होता, म्हणजे चाळीस वर्षे पाणी थोडे थोडे भिंतीच्या मुळाशी जात राहिले होते. पाइप सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचे घातले आणि भिंत बुजवण्याआधी त्यांत दाबाने पाणी भरून एक रात्र तसेच ठेवले. ट्रॅप नवा बसवला. भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे काटकोन न ठेवता गोलाई देऊन वाटा मारल्या, कारण कोपऱ्यात आधी चीर पडते. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिल्याला आडवा दुसरा. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा ट्रॅपकडे उतार देऊन, आणि मग ट्रॅपचे तोंड बंद करून चार बोटे पाणी भरून ठेवायचे. पाणी किती वेळ ठेवायचे यावरून आमच्यात मतभेद झाले. माझ्या पतींना चोवीस तास पुरेसे वाटत होते. अंघोळी शेजारी जाऊन, बाळाचे लंगोट-दुपटी गॅलरीत बादलीत धुऊन सगळेच थकलो होतो, आणि एक दिवस लवकर फरशी लागली तर कुणाला नको असते? मिस्त्रीने बहात्तर तास सांगितले आणि मी त्याच्या बाजूने उभी राहिले. ते तीन दिवस खालचे काका सकाळ-संध्याकाळ टॉर्च घेऊन छत पाहत होते. तिसऱ्या संध्याकाळी ते वर आले, भरलेल्या पाण्यात बोट बुडवून उंची पाहिली आणि म्हणाले, "रेघेच्या आत आहे. उलट सुकतो आहे." त्या दिवशी गुढीपाडवा होता. गॅलरीत गुढी होती, तिच्या शेजारी दुपटी वाळत होती आणि खाली आवारात फरशीच्या पेट्या रचलेल्या होत्या.

न्हाणीघराचा आकारही बाळामुळे बदलला. आधीच्या नकाशात एका कोपऱ्यात काचेचे पार्टिशन होते आणि भिंतीला चिकटून कपाटासह बेसिन. सासूबाई लेकीला रोज पाय लांब करून, पायांवर पालथे-उताणे घेऊन न्हाऊ घालतात. गॅलरीत पाट ठेवून हे चालले होते, पण पाण्याचा निचरा नीट नव्हता आणि उन्हे लवकर तापू लागली होती. एका सकाळी मिस्त्री कामाला येऊन थांबला होता. त्याने ती अंघोळ पाहिली, फुटपट्टी काढली आणि सासूबाईंच्या पाठीपासून टाचेपर्यंतचे अंतर मोजायची परवानगी मागितली. पार्टिशन रद्द झाले. जुन्या ओट्याचा जो मोठा तुकडा पॅसेजमध्ये टेकवलेला होता, त्याला घासून, कडा गोल करून न्हाणीघरात जमिनीपासून पाच इंच उंचीवर बसवले, पाठ भिंतीला टेकेल आणि पाय सरळ पसरता येतील असे. माझ्या सासूबाई १९८४ पासून ज्या कडप्प्यावर पोळ्या लाटत होत्या, त्याच्यावर बसून त्या आता नातीला न्हाऊ घालतात. बाजारातल्या कुठल्याही वस्तूने माझे इतके समाधान झाले नसते.

आता ती चूक. चौदा आठवड्यांची लस ११ एप्रिलला होती, पण त्या दिवशी ईदची सुट्टी असल्याने आम्ही १२ तारखेला महापालिकेच्या दवाखान्यात गेलो. रंगारी बैठकीच्या खोलीत काम करत होता. निघताना मी त्याला म्हणाले की आम्ही दोन-अडीच तास नाही, तेवढ्यात आतल्या खोलीच्या खिडकीचे गज घासून त्यांना प्रायमर मारता आला तर मारा. मला एवढेच वाटले की बाळ घरात नाही, ही संधी आहे. परत आले तेव्हा पाळण्याच्या मच्छरदाणीवर पांढरट-हिरवी पूड पडलेली होती. गादीवर, दुपट्यांच्या घडीवर, वहीवर. रंगाऱ्याचा काहीच दोष नव्हता. घासायला मी सांगितले होते, आणि घासायचे म्हणजे पॉलिश पेपरने कोरडे, हीच त्याची रोजची पद्धत.

धूळ म्हणून मी ती पुसायला घेतली. काकांनी मला थांबवले. ते म्हणाले की हा ऐंशीच्या दशकातला ऑइलपेंट आहे, त्याचे थर आहेत, आणि त्या काळच्या रंगांत शिसे असायचे. मग मी वाचून काढले. आपल्याकडे घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगांत किती शिसे असेल याला असे बंधन नव्हते. शिसे लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषले जाऊ शकते, त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो आणि सुरक्षित म्हणावी अशी त्याची कोणतीही पातळी ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या गजांच्या रंगात ते होतेच, असे मी म्हणत नाही. आम्ही रंगाची तपासणी केली नाही. पण नसेल अशी आशा धरून तिला त्या खोलीत झोपवणे मला शक्य नव्हते.

त्याच संध्याकाळी मी लेकीला घेऊन चिंचवडला मावससासूबाईंकडे गेले आणि नऊ दिवस तिथे राहिले. इकडे खोलीतले सगळे कापड गरम पाण्यात दोनदा धुतले, गादी टाकून दिली, भिंती, जमीन, पाळणा आणि गज साबणाच्या पाण्याने पुसले, दर वेळी नवे फडके घेऊन. उरलेल्या दारे-खिडक्यांचा जुना रंग घासायचाच नाही असे ठरले. जिथे तो घट्ट होता तिथे त्यावरच नवा रंग दिला, आणि जिथे पोपडे निघत होते तिथे पाणी मारून, खाली प्लास्टिक अंथरून, ओल्यानेच खरवडला. बालरोगतज्ज्ञांनी खबरदारी म्हणून लेकीच्या रक्तातले शिसे तपासायला सांगितले. एवढ्याशा हातातून रक्त काढताना ती जी रडली, ते रडणे माझ्यामुळे होते. अहवाल यायला चार दिवस लागले. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले तर त्याचा उगम शोधून उपाय करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमचा आकडा त्याच्या बराच खाली होता. त्या चार दिवसांत वहीच्या डाव्या पानावर मी फक्त दुधाच्या वेळा लिहिल्या आहेत, उजवे पान कोरे आहे.

त्यानंतर माझा कामाबद्दलचा आग्रह बदलला. ज्या कामाने हवेत काही मिसळते, ते बाळ मोठे होईपर्यंत थांबवायचे, हे मी ठरवून टाकले. बेडरूमची नवी कपाटे रद्द केली, कारण प्लायवूड आणि त्याच्या चिकटवणीतून फॉर्मल्डिहाइडचा वास महिनोन्महिने येत राहतो. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालची कपाटे तेवढी करावी लागली. तिथे पाण्याला टिकणारे आयएस ७१० चे प्लायवूड कमी उत्सर्जनाच्या ई-० प्रतीत मागवले, सुताराकडून कापणी त्याच्या दुकानात करून घेतली आणि कपाटे बसवल्यावर दोन आठवडे सगळी दारे उघडी ठेवली. भिंतींना कमी वासाचा पाण्यातला रंग दिला, तोही एका वेळी एका खोलीला.

वायरिंगचे काम तुलनेने सरळ झाले. दिव्या-पंख्यांना दीड, सॉकेटांना अडीच आणि गीझरला चार चौरस मिलिमीटरची तार, किटकॅट जाऊन एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारी बटणे), आणि सगळ्या घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारे बटण. खालच्या सॉकेटांना आतून झडप असलेले प्रकार घेतले, कारण चार-पाच महिन्यांत कुणाची तरी बोटे तिथे पोचणार होती. ओट्याची उंची सासूबाईंच्या कोपरावरून ठरवली. मी त्यांच्यापेक्षा पाच इंच उंच आहे, पण दिवसाचे सहा तास त्या तिथे उभ्या असतात.

संडासाच्या कामाचे चार दिवस कठीण गेले. काम बाळंतिणीच्या दृष्टीने किती अवघड असेल याचा विचार आधी कुणीच केला नव्हता, मीही नाही. टाके सुकायला वेळ लागलेला, रात्री दोनदा उठून जिना उतरून शेजारच्या विंगेत जायचे, आणि तेवढ्यात वर बाळ रडू लागले तर दूध वाहायला लागायचे. कुणाला हे काम करायचे असेल तर संडास आणि न्हाणीघर एकाच वेळी कधीही काढू नका, आणि घरात बाळंतीण असेल तर संडासाचे काम तिच्या माहेरपणातच उरकून घ्या.

मे महिन्यात काम पुन्हा थांबले. सोलापूरचे मतदान ७ तारखेला होते. मिस्त्री आणि त्याची माणसे गावी गेली, मग तिकडेच दोन लग्ने निघाली. त्यांच्या नसण्याचा मला राग आला नाही. त्या अकरा दिवसांत घरात कुणीही ठोकत नव्हते आणि लेक पालथी पडायला शिकली, नव्या फरशीवर, ओल्या फडक्याने पुसलेल्या जागेत, दुपट्यावर. ते परत आले तेव्हा उरलेले ग्राउटिंग, नळ आणि गॅलरीचा उंबरा एवढेच शिल्लक होते. पेरण्यांच्या आत त्यांना परत जायचे होते आणि १७ जूनला मला कामावर रुजू व्हायचे होते, कारण सव्वीस आठवड्यांची रजा तेव्हा संपत होती. १ जूनला शेवटचा राडारोडा टेम्पोत चढला. अंदाज चार लाख वीस हजारांचा होता, खर्च पाच लाख अठ्ठ्याहत्तर हजार झाला. त्यातले सत्तर हजार पहिल्या ठेकेदाराकडे गेलेले, जे परत आले नाहीत.

खालच्या छताला मात्र काकांनी तेव्हा हात लावू दिला नाही. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीतूनही ओल येते, मग ती कुठून आली हे कळत नाही, म्हणून एक पावसाळा जाऊ द्या, असे त्यांचे म्हणणे. जुलैच्या २५ तारखेला पुण्यात पाऊस असा कोसळला की सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले. त्या रात्री काका टॉर्च घेऊन छताखाली उभे होते आणि मी वर न्हाणीघरात, ट्रॅपजवळ, विनाकारण हात फिरवत होते. सकाळी त्यांनी फोन करून सांगितले की डाग ऑक्टोबरमधल्या पहिल्या रेघेच्याही आत आहे.

रंग दिवाळीच्या आधी दिला, आमच्या खर्चाने. लेक तेव्हा साडेनऊ महिन्यांची होती आणि काकांच्या लादीवर बसून रंगाऱ्याच्या शिडीकडे पाहत होती. रंगाऱ्याने आधी छत ओल्या फडक्याने पुसून घेतले. काकांनी त्याला एक मिनिट थांबायला सांगितले, चष्मा लावून छतावरच्या पाचही रेघा आणि त्यांच्या तारखा माझ्याकडून वहीत उतरवून घेतल्या, आणि मग शिडीवरून हात काढून म्हणाले, "मार आता."